विरघळणारं कापड

उमापूर
१२ ऑगस्ट २००३

प्रिय जाईस, तुझी नणंद चतुराबाई हिचा जयभीम.

हे पत्र भारतला दाखवू नको. माजा भाऊ हाय, पर त्याच्या पोटात गोष्ट राहत न्हाई. तू आप्रेशनच्या खोलीत काम करतीस म्हनून तुलाच इचारते. खरं सांग, डाक्टर लोक मानसाच्या पोटात कापड इसरत्यात का?

दोन सालामागं माजी पिशवी काढली ते तुला ठाव हाय. ऊसतोडीला जायच्या आदी मुकादमाच्या बायकोनं सांगितलं, पिशवी गेली की पाळीचा तरास न्हाई, खाडा न्हाई, टोळीतल्या बऱ्याच जनींनी काढली. डाक्टर म्हनला, ठिवली तर क्यान्सर व्हईल. काढली. त्या साली मोळी डोक्यावर घेऊन मी पाचटातच बसले. वाकले की आतून कोनीतरी शिवन धरून वढल्यावानी व्हतं. जेवले की पोटाला पीळ पडतो. आता कोयता सुटला. डेअरीच्या सुंदरराव चेअरमननं दूध केंद्रावर बसवलं, लोकाचं दूध मापून घेते. पाऊस न्हाई, जनावरं छावनीत, दूधबी आटत चाललं.

परवा त्या डाक्टरकडं गेलते. तो चेअरमनचाच जावई. त्यानं पोटाला हातसुदिक लावला न्हाई. खुर्चीवरूनच म्हनला, ग्यास हाय. मी म्हनलं, टेबलावर घेऊन बघा की. तर म्हनला, बघायला काय राहिलंय?

काय राहिलंय म्हंजी काय? हात लावायला कावून भेतो? मला वाटतं त्यानं आत कायतरी सोडलंय आन् त्याला ते ठाव हाय.

आमचे हे कायच बोलत न्हाईत. मी कन्हत पडले की हे उठून बैलाकडं जात्यात. न बोलनाऱ्या मानसाचं मला लई भ्या वाटतं.

तुजी,
चतुरा

—

औरंगाबाद
२४ ऑगस्ट २००३

आदरणीय अक्का, सप्रेम जयभीम.

तुम्ही सरळ विचारलंत, मीही सरळ सांगते. हो, विसरतात. फार क्वचित, पण झालेलं आहे. म्हणूनच आमच्याकडे आत जाणारी प्रत्येक पट्टी मोजून जाते आणि मोजून बाहेर येते, मगच पोट शिवतात. तुमच्या बाबतीत तसं झालंय की नाही, हे मी इथं बसून सांगू शकत नाही.

पण मला वेगळंच वाटतं. पोटातली आतडी मोकळी असतात, ओलसर असतात, एकमेकांवरून सरकतात. पोट उघडलं की आतल्या नाजूक अस्तराला कुठं ना कुठं इजा होते. ती भरून येताना शेजारशेजारच्या दोन जागा एकमेकींना धरतात. भाजलेली बोटं सुटी न ठेवता एकत्र बांधली तर चिकटतात ना, तसंच. आम्ही त्याला चिकटे म्हणतो. आतडं अशा चिकट्यात अडकलं की जेवल्यावर पीळ पडतो, वाकलं की ओढ बसते. तुम्ही लिहिलंय ते सगळं तसंच आहे.

इथं या. आमच्या मोठ्या मॅडम बायकांची ऑपरेशनं करतात आणि घाई करत नाहीत. त्यांना पोट दाखवू, सोनोग्राफी करू. ह्यांना सांगेन की अक्का आठवडाभर राहायला येतायत.

दाजींना मात्र विचारून या. ते काही बोलत नाहीत असं लिहिलंत, त्यानं माझ्या मनात पाल चुकचुकली.

तुमची,
जाई

—

उमापूर
२० सप्टेंबर २००३

जाईस जयभीम.

सुकरूप पोचले. तुज्या घरी मला लई जपलंस, त्यात कसूर न्हाई. पर यष्टीत बसल्यापसून डोस्क्यात किडा वळवळतोय, तो लिहून टाकते.

मशीनवर पोट बघताना मॅडम म्हनल्या, "चतुराबाई, कापड दिसत नाही. चिकटेच असावेत." मी म्हनलं बरं. मंग त्या पडद्याकडं बघत थांबल्या, मशीन इकडं दाबलं, तिकडं दाबलं, आन् तुज्याशी इंग्रजीत बोलल्या. तुजं तोंड उतरलं. मी निजले व्हते, आंधळी न्हवते. खाली येऊन चहा पाजलास तवा कपात साखर दोनदा घातलीस.

काय दिसलं त्यांना?

दुसरं. मॅडम म्हनत्यात पोट उघडून चिकटे सोडवू, आन् परत चिकटू नये म्हनून मदी येक कापड ठिवू. माजं ऐकून घे जाई. मी येक कापड काढायला आले, तर तुमी दुसरं घालायला बसल्या! वर म्हनत्यात ते आपोआप इरघळून जातंय. आजपस्तोर मी ऊस इरघळताना बघितला न्हाई का कापूस न्हाई. पोटात कापड इरघळलं तर जातं कुटं?

आन् तिसरं. आप्रेशन धर्मादाय, तेवढं समजलं. पर तुज्याच तोंडून ऐकलं, ते कापड लई म्हाग असतंय. मंग मला फुकट कावून? छावनीत चारा फुकट म्हनत्यात, तितंबी मानसाला चेअरमनच्या मागं मागं हिंडावं लागतंय.

केंद्रावर बायका म्हनत्यात पोटात पिलास्टिक घालत्यात. मी कोनाला कायबी सांगितलेलं न्हाई, तरी त्यांना कसं कळलं?

चतुरा

—

औरंगाबाद
१ ऑक्टोबर २००३

आदरणीय अक्का, जयभीम.

प्लास्टिक नाही. मी ते हातात धरलंय. पांढरं, जाळीदार, जुन्या मलमलीच्या तुकड्यासारखं. कापसात जो तंतू असतो त्याच जातीच्या तंतूपासून ते बनवतात, पण त्यावर अशी प्रक्रिया केलेली असते की ओल लागली की काही तासांत त्याचा बुळबुळीत थर होतो. चिकटे कापून मोकळी केलेली जागा आणि आतडं यांच्या मध्ये तो थर राहतो. आतलं अस्तर भरून यायला थोडेच दिवस लागतात, तेवढे दिवस दोघांना एकमेकांपासून दूर ठेवायचं, एवढंच त्याचं काम. पुढं शरीर त्याला जिरवून टाकतं. जखमेला घातलेला विरघळणारा टाका जातो तिथंच ते जातं. महिन्याभरानं शोधलं तरी सापडायचं नाही.

त्याचं पथ्य मात्र कडक आहे. रक्त पाझरत असेल तिथं ते ठेवायचंच नाही. रक्त लागलं की काळं पडतं, आणि मग चिकटे कमी व्हायच्या ऐवजी त्याच्याच आधारानं धरतात. म्हणून मॅडम जागा कोरडी होईपर्यंत हात बांधून उभ्या राहतात. आतडं फाटून शिवावं लागलं तरी मॅडम ते ठेवत नाहीत. आणि एवढं करूनही चिकटे होणारच नाहीत असं कुणी छातीवर हात ठेवून सांगत नाही. कमी होतात, इतकंच.

फुकट का, तर मॅडमनी सोय केलीय.

इंग्रजीत बोलणं ही आमच्या कामाची सवय आहे हो. त्यात काही नव्हतं. मनाला लावून घेऊ नका आणि तारीख कळवा.

जाई

—

उमापूर
२ नोव्हेंबर २००३

जाईस जयभीम.

काल दुपारी सुंदरराव चेअरमन सोता केंद्रावर आले. बाकीच्या बाया गेल्यावर बसले. म्हनले, "काय चतुराबाई, औरंगाबादला गेलतीस म्हनं?"

मी म्हनलं, भावाकडं गेलते.

"भावाकडं का भावजयीकडं? ती म्हनं दवाखान्यात असती. हे बघ, तू घरच्यावानी म्हनून सांगतो. परदेशातल्या कंपन्या गरीब बायांच्या पोटात कापडं घालून बघत्यात. टिकलं तर कंपनीचं नाव, न्हाई तर बाई गेली. तुज्या भावजयीला इचार, ते कापड कोन देतंय."

मी म्हनलं, तुमाला कोनी सांगितलं कापडाचं?

ते हसले. "गावात काय झाकून राहतंय का? माज्या जावयाच्या हाताला यश हाय. उगं दुसऱ्याकडून पोट फाडून घेऊ नको. इतं पडून राहा, तुला केंद्रावर पक्की करतो."

जाई, हा मानूस कदी माज्या घरापुडं थांबला न्हाई. आमच्या वस्तीतल्या नळाला पानी न्हाई म्हनून सांगायला गेलते तवा मला वट्ट्याखालीच उभी केलती. काल खुर्ची वढून बसला. त्याचा माज्यावर येवढा जीव कावून आला, ते मला कळंना. पर तो बोलला त्यातलं येक खरं असंल तर तू माज्याशी खोटं बोललीस.

तू मोठ्ठं पत्र लिहितीस. येवढं नको. ते कापड कंपनी देती का? हो का न्हाई, येवढंच लिही.

चतुरा

—

औरंगाबाद
१० नोव्हेंबर २००३

अक्का,

हो.

कंपनीचा माणूस मॅडमकडे नमुन्याची पाकिटं ठेवून गेला. आपला माल खपावा म्हणूनच ठेवून गेला, धर्म म्हणून नाही. पण हे कापड नवं नाही. मोठ्या शहरांत ते कितीतरी वर्षं वापरतायत, आमच्या मॅडमनीही वापरलंय, आणि त्या बायका पुढं तपासायला येतात तेव्हा मी बघते. तुमच्यावर कुणी प्रयोग करत नाही. ‘कंपनी’ शब्द ऐकला की तुम्ही येणार नाही असं मला वाटलं, म्हणून ‘सोय केली’ असं लिहिलं. लपवलं, हे खरं.

आता मला विचारू द्या. तुम्ही औरंगाबादला कशाला आलात हे तुम्हाला, मला आणि दाजींना ठाऊक. ह्यांनाही मी फक्त ‘पाहुणी’ एवढंच सांगितलं होतं. मग चेअरमनला कापडापर्यंत सगळं कसं कळलं? दाजींना छावणीत बैल ठेवायचे आहेत, आणि छावणी चेअरमनच्या हातात. मी जास्त लिहीत नाही.

आणि चेअरमनला कशाची भीती आहे, याचाही विचार करा. दुसऱ्या डॉक्टरनं तुमचं पोट उघडू नये असं त्यांना का वाटावं?

माझ्यावर विश्वास ठेवायचा नसेल तर ठेवू नका, पण हे पाठ करा. पोट फुगलं, उलट्या थांबेनात, वारा सरेना, तर आतडं अडकलं असं समजा. तेव्हा गॅसची गोळी घेऊन पडून राहू नका. जिथं असाल तिथून निघा.

जाई

—

औरंगाबाद
२२ डिसेंबर २००३

दाजी, जयभीम.

हे पत्र मुद्दाम तुमच्या नावानं टाकते. माझ्या मागच्या दोन पत्रांना अक्कांचं उत्तर नाही. ह्यांनी डेअरीत फोन केला, तर तिथला कारकून म्हणाला, चतुराबाई कामावर येत नाहीत, पुढं काही ठाऊक नाही.

माझी पत्रं त्यांच्या हातात पडतात की नाही? तुम्ही अडवत असाल तर तसं सांगा. चेअरमनला आमच्या घरातली गोष्ट कुणी सांगितली, त्याचा मला अंदाज आहे. तुमचे बैल जगावेत असं मलाही वाटतं, दाजी. पण त्यासाठी बाईला असं कोंडून घालू नका.

रागावलात तरी चालेल. अक्कांची खुशाली कळवा.

जाई

—

उमापूर
१६ फेब्रुवारी २००४

जाईस जयभीम.

टाके सुकले. भात-वरन पचतंय. घरी येऊन हप्ता झाला, आता बसून लिहिता येतंय.

आदी ह्यांचं लिहिते, कारन तू त्यांच्यावर लई मोटा आरोप टाकला. तुजी पत्रं कोनी अडवली न्हवती. मीच ती पिठाच्या डब्यामागं टाकली व्हती, ‘हो’ वाचल्यावर पुडचं वाचलंच न्हाई. तुज्यावर इस्वास उरला न्हवता. दोन म्हैने मी केंद्रावरबी गेले न्हाई, पोट धरून घरात पडले. तुजं शेवटचं पत्र ह्यांना छावनीत मिळालं. ह्यांनी ते बाकी कोनाकडून न्हाई, माज्याकडूनच वाचून घेतलं. वाचून झाल्यावर म्हनले, "मागच्या पत्रात काय लिवलं व्हतं, तेबी काड." मंग ते वाचलं, पोट फुगलं तर काय करायचं ते त्यातच व्हतं.

त्यानंतर पंधराएक दिसांनी सकाळी पोट फुगलं. हिरवं पानी पडाया लागलं. हे इचारत बसले न्हाईत. दुधाचा टेम्पो केंद्रावर उभा व्हता, मला खांद्यावर टाकून तितं नेलं. डायवरला म्हनले, "बाईला न्यायचंय औरंगाबादला."

डायवर म्हनला, "चेअरमनला इचारावं लागंल."

"इचार. तवर मी कॅन उतरवतो." आन् खरंच उतरवाया लागले. दुस्काळाचं दूध, निम्मे कॅन रिकामेच. बाया बघत उभ्या. त्यातल्या येकीनं वर चढून माज्या डोस्क्याखाली गोनपाट दिलं. मंग डायवरनं गाडी चालू केली.

पुडचं तुला माज्यापेक्षा जास्त ठाव हाय. तुज्या दारात पोचल्यावर मी तुला येकच म्हनलते, आठवतं का? "कापड घाल न्हाई तर घालू नको, पर तू आत उभी राहा."

चेअरमनला सांगितलं कोनी, तेबी कळलं. माजी धाकटी जाऊ भामा. तिला मीच बोलले व्हते कापडाचं, आन् इसरले. तिच्या अंगावरून पांढरं जातंय म्हनून ती त्याच डाक्टरकडं गेलती. त्यानं गोडीत इचारलं, तुजी मोटी जाऊ कुटं दाखवती? ती भोळी, सगळं सांगून आली. ह्यांचा त्यात हात न्हवता. तू त्यांना येक वळ लिही, ते मागनार न्हाईत.

आता माजं. वार्डात तू रोज येत व्हतीस, वेनी घालत व्हतीस, पर माज्याकडं बघत न्हवतीस. मी इचारलं, आत काय निघालं? तू म्हनलीस, "सगळं नीट झालं, अक्का." हे उत्तर न्हाई. कापड निघालं का? मशीनवर काय दिसलं व्हतं? भारतची शपथ घालत न्हाई, शपथा मानत न्हाई. पर येकदा ‘हो’ लिहिलं व्हतंस तसंच लिही.

चतुरा

—

औरंगाबाद
२५ फेब्रुवारी २००४

आदरणीय अक्का, जयभीम.

दाजींना वेगळं पत्र टाकलंय. त्यात फक्त माफी आहे.

तुमचं लिहिते. कापड निघालं नाही. आत कुणी काही विसरलेलं नव्हतं. मी शेवटपर्यंत टेबलाशी उभी होते, माझ्या डोळ्यांनी पाहिलं. आतड्याचं एक वेटोळं पोटाच्या जुन्या टाक्याला आतून धरून बसलं होतं, त्याला एक जाड पट्टा आडवा आला होता, आणि तिथंच पीळ पडला होता. मॅडमनी तो मिलिमीटर मिलिमीटर सोडवला. आतडं निळसर पडलं होतं, ते पुन्हा गुलाबी झालं तेव्हा सगळ्यांनी श्वास सोडला. कुठं फाटलं नाही, शिवावं लागलं नाही. एका जागी पाझर होता. मॅडम तिथं दाबून उभ्या राहिल्या. पूर्ण कोरडं झालं तेव्हाच ते कापड पसरलं, टाक्याच्या आतल्या बाजूला आणि खाली ओटीपोटात. एव्हाना ते तुमच्या पोटात उरलंही नसेल.

आता जे मी सांगितलं नव्हतं ते.

गर्भाशयाच्या दोन बाजूंना दोन बीजकोश असतात, बदामाएवढे. बाईला जे बाईपण असतं, हाडांना बळ असतं, अंगाला तरतरी असते, ते पुष्कळसं त्यांच्यामुळं. गर्भाशय काढलं तरी तुमच्या वयाच्या बाईचे ते ठेवायचे असतात, तसंच काही कारण असेल तरच काढायचे. त्या दिवशी मशीनवर मॅडमना ते दिसेनात. मॅडम मला इंग्रजीत तेच म्हणाल्या, पण खात्री नव्हती, मशीनवर कधीकधी चुकतं. पोट उघडल्यावर खात्री झाली. दोन्ही नाहीत. पिशवीबरोबर तेही काढले आहेत.

तुम्हाला अंगातून वाफा निघतात, गुडघे दुखतात, रात्री अंथरूण ओलं होतं, तुम्ही म्हणता उन्हामुळं. ऊन नाही, अक्का. तुम्ही अजून पस्तिशीच्या आहात.

वॉर्डात सांगायला माझी जीभ रेटली नाही. तुम्ही कापड निघण्याची वाट बघत होतात. कापड निघालं असतं तर बरं झालं असतं असं मलाच वाटायला लागलं होतं. ते काढता तरी आलं असतं.

मॅडमकडे हाडांसाठी आणि वाफांसाठी औषध आहे. पण या, आणि तुमचं तुम्ही त्यांना विचारा. मी मध्ये बोलणार नाही.

जाई

—

उमापूर
४ एप्रिल २००४

जाईस जयभीम.

तुजं पत्र वाचलं. ह्यांनी इचारलं, वाईट हाय का? मी मान हालवली. हे बसून राहिले. त्या दिवशी बैलाकडं गेले न्हाईत.

मंग भामाचं झालं. मी घरात न्हवते, दळन आनाया गेलते. आले तर सासूबाई म्हनत्यात, भामाला दवाखान्यात नेलं, आज पिशवी काढनार. कावून? तर पांढरं जातंय, डाक्टर म्हनला क्यान्सर व्हईल. भामा चोवीस वर्साची हाय, जाई. मला जे बोलला तेच, शबुद न शबुद.

टाक्यावर लुगडं घट्ट बांधलं आन् जीपनं गेले. दवाखान्यात बाकावर बाया भरलेल्या, भामा आत खाटेवर, हातात सुई टोचलेली. मी म्हनलं, "भामे, ऊट."

ती रडाया लागली. "आक्का, क्यान्सर हाय म्हनत्यात."

"तपासलं का?"

"न्हाई. सांगितलं."

डाक्टर बाहेर आला. "पेशंटला कशाला घाबरवताय? ऑपरेशन झालंय ना तुमचं, घरी आराम करा."

मी भामाच्या खाटेला आडवी उभी राहिले. म्हनलं, "डाक्टर, हिचं काय काय काढनार? पिशवी येकटी, का दोन बाजूचे दोन बदामबी?"

"काय बोलताय तुम्ही?"

"माजे कुटंयत? मी पिशवीसाठी आलते. बदाम काढू का म्हनून मला इचारलं व्हतं का?"

तो हळू आवाजात म्हनला, "पुढं त्रास होऊ नये म्हणून काढतात. सगळ्यांचेच काढतो."

बस, येवढंच तो बोलला. सगळ्यांचेच. बाकावरच्या बायांनी ऐकलं. येक हिरव्या लुगड्याची म्हातारी उटली आन् तिच्या लेकीला म्हनली, चल. डाक्टरनं फोन उचलला, आमी भामाची सुई काढायला लावली. नर्स पोरगी काढताना भेत व्हती, पर काढली.

संध्याकाळी चेअरमन दारात. ह्या वक्ताला खुर्ची मागितली न्हाई. "चतुराबाई, केंद्रावर उद्यापसून येऊ नको." मी म्हनलं, बरं. "आन् जावयाचं नाव तोंडात आलं तर बघ." मला वाटलं हे आतच बसतील. हे बाहेर आले, माज्या शेजारी उभे राहिले आन् म्हनले, "चेअरमन, तुमी बघा की. आमी काय पळून चाललोय?" दुसऱ्या दिवशी बैल छावनीतून काढायला लागले. जोडी ह्यांनी भामाच्या म्हायेरी, घाटनांदूरकडं, धाडली. तितंबी पानी न्हाईच, पर कडबा हाय म्हनं.

भामाला पाठवते तुज्याकडं. तिला मॅडमनं तपासावं. कायबी घालायचं, काढायचं असंल तर आदी तिला सांगावं, आन् मराठीत.

चतुरा

—

औरंगाबाद
१९ एप्रिल २००४

आदरणीय अक्का, जयभीम.

भामाला कर्करोग नाही. साधा संसर्ग आहे. गोळ्या दिल्यात, दोघां नवराबायकोंनी घ्यायच्या आहेत. मॅडमनी तिला खुर्चीवर बसवून चित्र काढून सगळं समजावलं. ती जाताना म्हणाली, "येवढंच व्हतं?" आणि बाहेर येऊन पायरीवर कितीतरी वेळ हसत बसली. मला तिच्या हसण्याचीच भीती वाटायला लागली.

तुमचं काम गेलं त्याचं वाईट वाटतं. ह्यांना सांगितलं, ते खूप चिडले, उमापूरला निघाले होते, मी थांबवलं. तुमचं पोट कसं आहे? ओढ बसते का? खरं लिहा. मॅडम विचारतात.

जाई

—

उमापूर
२३ मे २००४

जाईस जयभीम.

मॅडमला सांग, दुखनं हाय, पर पयल्यावानी न्हाई. वाकून सारवन केलं. जेवल्यावर पीळ पडत न्हाई, कदी कदी उजव्या अंगाला वढल्यावानी व्हतं. ते तुमच्या कापडानं झालं का मॅडमच्या हातानं, मी न्हाई सांगू शकत, आन् तूबी सांगू नको. पुडं परत चिकटलं तर चिकटलं. आता मला ठाव हाय काय व्हतं ते.

इतं बाया माज्याकडं यायला लागल्यात. उघड न्हाई. कोनी जात्यावरनं, कोनी शेन्या थापताना. येक म्हनती, मलाबी वाफा येत्यात. दुसरी म्हनती, माजं पोट शिवल्यापसून मला बसून उटता येत न्हाई. दर बाईच्या डोळ्यात पयलं हेच असतं, की हिला कोनी पाठवलंय, ही आपल्याला कुटं नेनार? मी त्यांना रागवत न्हाई. मी त्यांना म्हनते, माज्यावर इस्वास ठिवू नका, सोता चला आन् सोता इचारा.

सात जूनच्या सोमवारी यायच्या सहा जनी ठरल्या व्हत्या. चेअरमनचा निरोप फिरला, ज्यांच्या घरचं दूध डेअरीत जातंय त्या तिघी मागं फिरल्या. त्यांची चूल पेटायची हाय, मी काय बोलू? उरलेल्या तिघींना घेऊन येते. त्यातली येक सुंदररावाच्याच भावकीतली हाय, तिचं नाव लिहीत न्हाई, पदर घेऊन येईल.

मॅडमला आदीच सांगून ठिव. येकीलाबी येकटीला आत न्यायचं न्हाई. मी प्रत्येकीच्या शेजारी उभी राहीन. मशीनवर जे दिसंल ते तितंच, आमच्या भाषेत बोलायचं. न्हाई कळलं तर मी परत इचारीन, तरी न्हाई कळलं तर परत. मॅडमला राग आला तर येऊ दे.

यष्टी सकाळी धा वाजता पोचती. तू दारात राहा.

तुजी,
चतुरा